आबांची उर्दू वही कोण वाचणार?

वाचकाचं पत्र (जागेसाठी थोडं आखूड केलं आहे):

मी 39 वर्षांची, पुण्यात नोकरी करते. माहेर नांदेडचं. आजोबांना आम्ही आबा म्हणतो. ते 92 वर्षांचे आहेत आणि नांदेडला काकांकडे असतात. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. त्यांची शाळा निजामाच्या राज्यातली, त्यामुळे उर्दूतली. लहानपणी आम्ही जेवायला बसलो की आबा एखादा शेर म्हणायचे आणि हात धुऊन होईपर्यंत हरिपाठावर आलेले असायचे. आम्हाला दोन्ही सारखंच कळायचं, म्हणजे काहीच नाही.

मध्यंतरी काकूला आबांच्या ट्रंकेत एक जाड शिवलेली वही सापडली. सगळी उर्दूत. काही पानांवर दोन-दोन ओळी मांडलेल्या आहेत, त्या कविता असाव्यात. काही पानं सलग लिहिलेली. पहिल्या पानावर 1357 असा आकडा आहे. माझा चुलतभाऊ म्हणतो की हे हिजरी सन, म्हणजे 1938. त्याने काही पानांचे फोटो मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये टाकून बघितले, तर भलतंच काहीतरी आलं. आबांच्या डोळ्यांचा पडदा मध्यभागी खराब झालाय, त्यांना वाचता येत नाही. वही हातात दिली तेव्हा ते 'खबर-ए-तहय्युर-ए-इश्क सुन' असं काहीतरी म्हणाले. मी ऐकलं तसं लिहिलंय.

मला उर्दू शिकावंसं वाटतं. हे ऐकून बाबा भडकले. ते बँकेतून निवृत्त झालेत. त्यांना त्यांच्या आजीने सांगितलंय की 1948 साली रझाकारांच्या (निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद संघटनेच्या) भीतीने घरातल्या बायका-मुलांना पैनगंगेपलीकडे उमरखेडला नातेवाइकांकडे पाठवलं होतं. 'ज्यांच्यापायी घर सोडावं लागलं त्यांची भाषा कशाला?' असं ते म्हणतात. काका म्हणतात, वही एखाद्या संस्थेला देऊन टाकू. आता शिकायला घेतलं तर आबा असेपर्यंत मला ती वाचता येईल का? की पैसे देऊन कुणाकडून तरी वाचून घेऊ?

– निरक्षर नात

उत्तर:

सही आवडली, पण ती फार दिवस वापरायची वेळ येऊ देऊ नका.

आधी वेळेचं बोलू, कारण तुमचा खरा घोर तोच आहे. छापील उर्दू अक्षरं ओळखायला तुम्हाला दोनेक महिने लागतील. अक्षरं चाळीसच्या आत आहेत. शब्दात ती कुठे येतात त्याप्रमाणे रूप बदलतात, हे एकदा डोळ्यांत बसलं की पाट्या आणि मथळे लागायला लागतात. हाताने लिहिलेली वही मात्र निराळं प्रकरण आहे. उर्दूत ऱ्हस्व स्वर बहुतेक वेळा लिहितच नाहीत. नुसता काफ आणि लाम लिहिलेला असेल तर तो 'कल' की 'कुल', हे पुढचा-मागचा शब्द बघून ठरवायचं. म्हणजे शब्द आधीच ठाऊक असलेल्या माणसालाच तो वाचता येतो. त्यात आबा कचेरीत मुरलेले. कारकुनी हात भरभर चालतो, नुक्ते म्हणजे अक्षरांची टिंबं गाळतो, दोन शब्द एकमेकांना चिकटवून पुढे जातो. त्या अ‍ॅपने हात टेकले यात काही नवल नाही, आणि वर्षभर शिकून तुम्हीही टेकाल. आबांच्या हयातीत तुम्ही ती वही अडखळत का होईना, एकटीने वाचाल असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

म्हणून वही वाचायची म्हणून उर्दू शिकायला बसू नका. वही कुठे पळून जात नाही. नीट ठेवली तर पुढची पन्नास वर्षं ती वाचणारा कुणी ना कुणी भेटेल. आबांकडचं जे दुसऱ्या कुणाकडून मिळणार नाही, ते त्यांच्या तोंडी आहे. कुठला शेर ते कुठे थांबून म्हणतात, कुठल्या ओळीवर स्वतःच खूश होतात, तो त्यांना कुणी शिकवला, आणि शेरावरून हरिपाठावर ते मध्ये काहीही न बोलता कसे जातात. शिकायचं तर आबांकडून शिका. त्यांना पुन्हा मास्तर होऊ द्या, मग वहीचं काय व्हायचं ते होईल.

आता कसं शिकायचं ते.

तुम्ही लिहून पाठवलेली ओळ सिराज औरंगाबादी यांच्या गझलेची आहे. अठराव्या शतकातला सूफी कवी, राहायला औरंगाबादेत (आताचं छत्रपती संभाजीनगर), कबरही तिथेच. त्याच्या आधीचा वली, ज्याची गझल दिल्लीवाल्यांनी डोक्यावर घेतली, त्यालाही औरंगाबादीच म्हणतात. आणि आबांच्या तरुणपणी मराठवाड्यात ज्यांचं नाव गाजत होतं ते सिकंदर अली वज्द. जन्म वैजापूरचा, 1914चा. पेशाने न्यायाधीश, आणि अजिंठ्यावर कविता लिहिणारे. वहीत त्यांच्या ओळी निघाल्या तर मला आश्चर्य वाटणार नाही. हे सगळं एवढ्यासाठी सांगतेय की आबांची उर्दू लखनौहून आलेली नाही. तुमच्या घरापासून एका दिवसात एसटीने जाऊन यावं अशा गावांत ती वाढलेली आहे.

'रेख्ता' ही वेबसाइट तुम्हाला कदाचित माहीत असेल. 2013 पासून चालू आहे. तिथे एकच गझल देवनागरीत, उर्दू लिपीत आणि रोमनमध्ये वाचता येते, आणि शब्दावर बोट ठेवलं की अर्थ दिसतो. आबांशी फोनवर बोलताना सिराजची तीच गझल देवनागरीत समोर उघडा आणि पहिली ओळ तुम्ही म्हणा. मुद्दाम थोडी अडखळत म्हणा. 92 वर्षांचा माणूस 'सांगा ना आबा काहीतरी' म्हटल्यावर गप्प बसतो, पण शेराची एक ओळ चुकीची ऐकली की दुसरी म्हटल्याशिवाय त्याला राहवत नाही. मग तुमच्या 'ख'वरून बोलणी खा. नुक्त्याचा ख घशातून कसा काढायचा ते फोनवर शिकवतील. हाच तुमचा पहिला धडा.

नांदेडला गेलात की हे सगळं रेकॉर्ड करा, पण त्यांना सांगून. फोन त्यांच्याजवळ घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा म्हणजे टेबलाची खडखड येत नाही. पंखा तेवढा वेळ बंद. सकाळी चहा झाल्यावरची वेळ बरी, दुपारनंतर या वयात माणूस दमलेला असतो. वीस मिनिटं पुष्कळ झाली. प्रश्न बारीक विचारा. शाळेत उर्दू कोण शिकवायचं? मराठी कितवीपर्यंत होती? (खालच्या वर्गांत मराठी चालायची, वर गेलं की उर्दू. हैदराबादचं 1918 साली निघालेलं उस्मानिया विद्यापीठसुद्धा उर्दू माध्यमाचं होतं.) लिहायला पाटी होती की लाकडी तख्ती? छडी कुणाची लागायची? कचेरीत जमिनीचे जुने कागद घेऊन लोक त्यांच्याकडे यायचे का? हे विचाराच. उर्दू वाचता येणारा कारकून म्हणून त्यांचा भाव नक्की वधारलेला असणार, आणि तो सांगायला त्यांना आवडेल.

लिपीही त्यांच्याकडूनच. दृष्टी मध्ये गेली असली तरी कडेने थोडं दिसत असेल, आणि हाताला तर डोळा लागतच नाही. पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा घ्या. एका कागदावर एकच अक्षर, कागदभर. अलिफ, बे, पे. त्यांनी काढायचं, तुम्ही खाली गिरवायचं. ज हा उच्चार, नुक्त्याचा, चार वेगवेगळ्या अक्षरांनी लिहितात, स तीन अक्षरांनी. हे कळल्यावर तुम्ही वैतागाल, आणि ते हसतील. बाकीचा अभ्यास पुण्यात करा. रेख्ताचाच लिपी शिकवणारा ऑनलाइन वर्ग आहे. राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेचा पत्रद्वारे चालणारा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रमही आहे, ज्यांना उर्दू अजिबात येत नाही अशांसाठीच काढलेला. पण अक्षर पहिल्यांदा आबांच्या हातून उतरू द्या. शब्दांचं फार मनावर घेऊ नका. मराठवाड्यातल्या माणसाच्या बोलण्यात तारीख, हरकत, नक्कल, दस्तऐवज, इनाम, जमाबंदी हे सगळं आधीच आहे. घरातलं सामान नव्या पत्त्यावर ओळखायचं, एवढंच.

आता 1357. चुलतभावाचं गणित बरोबर आहे, हिजरी 1357 म्हणजे 1938-39. पण आबा 92 वर्षांचे असतील तर तेव्हा पाच वर्षांचे होते. पाच वर्षांचं पोर जाड वही शिवून त्यात सलग लिहीत नाही. हैदराबाद संस्थानात सरकारी कामाला आणि शाळेलाही फसली सन चालायचा. तो ऑक्टोबरच्या सुमाराला सुरू होई. फसली आकड्यात 590 मिळवले की इंग्रजी साल मिळतं. जानेवारीनंतरची तारीख असेल तर 591. म्हणजे फसली 1357 हे ऑक्टोबर 1947 ते ऑक्टोबर 1948. आकड्याशेजारी आजर, दै, बहमन, इस्फंदार असं काही लिहिलेलं असेल तर शंकाच नको, ते फसली महिने आहेत.

थांबून या सालाकडे बघा. देश स्वतंत्र झालाय, हैदराबाद झालेलं नाही. रझाकारांचा सगळ्यात वाईट काळ हाच. साल संपता संपता, 13 ते 17 सप्टेंबर 1948, पोलीस कारवाई झाली, म्हणजे भारतीय सैन्याने हैदराबाद ताब्यात घेतलं. तुमच्या घरातल्या बायका-मुलांनी पैनगंगा ओलांडली ती याच साली. आणि याच साली चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने वही उघडून उर्दूत लिहायला सुरुवात केली. तो तेव्हा उमरखेडला होता की नांदेडला, हे तुमच्या पत्रात नाही. बहुधा तुम्हालाही ठाऊक नाही. दोन-दोन ओळींची पानं उतरवून घेतलेल्या गझलांची असतील. सलग लिहिलेली पानं काय आहेत ते मला सांगता येणार नाही, आणि माझा सल्ला असा की त्यांच्याआधी ते दुसऱ्या कुणी सांगूही नये.

इथे तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर येते. पैसे देऊन वाचून घ्यावी का? फोटो पाठवून, अनोळखी माणसाकडून, भाषांतर टाइप होऊन ईमेलवर यावं, असं नको. ती वही आबांची आहे, आणि आबा घरात बसलेले आहेत. चौदाव्या वर्षी लिहिलेलं, किंवा पुढे पंचविसाव्या वर्षी लिहिलेलं, 92व्या वर्षी मुला-नातवंडांपुढे यावं असं कुणालाही वाटेलच असं नाही. त्यांना आधी विचारा. 'यातलं काय वाचायचं आणि काय नाही ते तुम्ही सांगा,' असंच विचारा. 'कवितेची वाचा, बाकीची राहू द्या' म्हणाले तर बाकीची राहू द्यायची. चुलतभावाने काढलेले फोटो तोवर घरच्या ग्रुपवर फिरू नयेत. फिरले असतील तर ते खाली घ्यायला त्याला मोठी बहीण म्हणून सांगा.

ते हो म्हणाले तर नांदेडमध्येच एखादे उर्दू शाळेतले निवृत्त शिक्षक शोधा. नांदेडात उर्दू शाळांना तोटा नाही, आणि जुना हात वाचणारे बहुधा त्या निवृत्तांतच सापडतील. त्यांना घरी बोलवा. वही मास्तरांच्या हातात, आबा समोर, तुम्ही बाजूला, फोन टॉवेलवर. मास्तर एक ओळ वाचतील, आबा पुढची आपणच म्हणतील, कुठे मास्तर अडतील तिथे आबा सोडवतील. 'हे राहू द्या' म्हणायची सोय आबांना समोरासमोर राहील. यात एक गंमतही आहे. आबांशी शेवटचं उर्दूत कोण बोललं असेल? वयाने जवळ असलेला, त्याच भाषेतला माणूस घरी चहाला आला तर वही दहा पानं पुढे सरकली नाही तरी चालेल. मास्तरांना येण्या-जाण्याचं आणि वेळेचं मानधन द्यायचं हे आधी बोलून ठेवा. 'अहो असू द्या' म्हणतील. तरी द्या.

आता बाबा.

त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांच्या रागाला कारण आहे, आणि ते कारण त्यांना त्यांच्या आजीने दिलेलं आहे. तुम्ही आबांकडून शेर घेताय, त्यांनी आजीकडून भीती घेतली. दोन्ही घरातल्या मोठ्यांनीच दिलेलं. पण रझाकारांची भाषा म्हणजे उर्दू, हे हिशेबात बसत नाही. ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादेत शोएबउल्ला खान यांचा खून झाला. रझाकारांविरुद्ध आणि भारतात सामील होण्याच्या बाजूने लिहितात म्हणून. ते 'इमरोज' या दैनिकाचे संपादक होते, आणि ते दैनिक उर्दू होतं. मखदूम मोहिउद्दीन हे हैदराबादचे मोठे उर्दू कवी, तेही निजामाविरुद्धच्या तेलंगणाच्या लढ्यात होते. आणि आपल्याकडचं माणूस पाहिजे असेल तर सेतुमाधवराव पगडी. निलंग्याचे, हैदराबादच्या मुलकी सेवेतले. उर्दू-फारसीवर हुकमत होती म्हणून शिवकाळाच्या फारसी साधनांपर्यंत ते पोचले, आणि ते सगळं मराठीत आणून ठेवलं. जाता जाता गोंडी भाषेचं व्याकरणही लिहिलं. बाबांना 'उपयोग काय' हाच मुद्दा असेल तर तेही आहे. 2023 मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायला घेतल्या तेव्हा निजामकाळातले उर्दू आणि मोडी कागद वाचणारी माणसं शोधत फिरावं लागलं होतं. पण हा मुद्दा मी तुमच्या जागी असते तर काढला नसता. उपयोगाच्या तराजूत घातलं की मग ज्ञानेश्वरीचंही वजन करावं लागतं.

मला मात्र बाबांच्या रागात दुसरंही काहीतरी दिसतं. आबांनी नातवंडांना निदान शेर ऐकवले. मुलाला उर्दू शिकवली नाही. 1956 च्या नोव्हेंबरात मराठवाडा मुंबई राज्यात आला, सगळं मराठीत झालं, आणि आबांच्या पिढीतल्या पुष्कळ जणांनी उर्दू घरात उंबऱ्याच्या आत ठेवून दिली. मुलाने मराठी-इंग्रजी नीट करावं, नोकरीला लागावं. बाबा नीट लागलेही. आता साठी ओलांडल्यावर मुलगी म्हणते, मी आबांकडून शिकणार. जे आपल्याला कधी कुणी विचारलं नाही ते लेक आपण होऊन मागतेय. मी बाबा असते तर मलाही ते थोडं झोंबलं असतं. माझा अंदाज चुकीचाही असेल. पण एक करून बघा: तारखांचं काम त्यांना द्या. बँकेतला माणूस, फसलीतून इंग्रजी साल काढायचं, कुठल्या पानाला 590 आणि कुठल्या पानाला 591, त्याची यादी करायची. उर्दूचं एक अक्षर शिकावं लागत नाही, फक्त दहा आकडे. मग 1357 या सालाशी ते आपोआप येतील. आपली आजी पैनगंगेपलीकडे होती तेव्हा आपले वडील कुठे होते, हे त्यांनीच आबांना विचारावं. तुम्ही विचारू नका. तो प्रश्न मुलाचा आहे.

संस्थेला देण्याचं काकांना म्हणावं, आबांना विचारून मग बघू. घाई कसलीच नाही. तोवर वही ट्रंकेतून काढा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका, फाटलेल्या पानांना सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर नावसुद्धा नको. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून कपाटाच्या मधल्या खणात ठेवायची. आबांची परवानगी मिळाली की एकदा खिडकीजवळ दिवसाउजेडी, फ्लॅश न वापरता, पानं क्रमाने टिपून ठेवा. पुठ्ठासुद्धा टिपा. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लोक हिशेब लिहितात.

तुम्ही पुढे मुलांना काय देणार वगैरे विचार आत्ता डोक्यात घेऊ नका. तुमचं अलिफ अजून व्हायचंय.

नांदेडला जाल तेव्हा मार्कर इथूनच घेऊन जा, जाड टोकाचा आणि काळा. पांढऱ्यावर काळं असेल तर त्यांना कडेने का होईना, आपण काय काढलं ते दिसेल. निळा नको.